सिटीज: स्कायलाइन्स 2 – सगळं दिलं, सायकल तेवढी दिली नाही

थेट मुद्द्यावर येतो. हे जून 2025 मध्ये लिहितोय, आणि तोवर तरी या शहर वसवायच्या गेममध्ये सायकल नाही. 24 ऑक्टोबर 2023 ला गेम आला, दीड वर्षाहून जास्त उलटलं, पॅचवर पॅच (कंपनीच्या दुरुस्त्या) येऊन गेले, आणि माझ्या लाखाच्या वर गेलेल्या शहरात एकही माणूस सायकलवरून कामाला जात नाही. ट्राम आहे, मेट्रो आहे, विमानतळ आहे, बर्फ उपसणाऱ्या गाड्यासुद्धा आहेत. सायकल नाही. बाकीचे रिव्ह्यू ही गोष्ट एका ओळीत उरकतात. मला ती एका ओळीची वाटत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. शहर कसं वसवायचं, झोन (घरं, दुकानं, कारखाने यांचे पट्टे) कसे पाडायचे हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

पहिला भाग 10 मार्च 2015 चा, फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरातल्या कोलॉसल ऑर्डर या छोट्या कंपनीनं केलेला. त्यातही सायकल पहिल्या दिवसापासून नव्हती. सप्टेंबर 2015 मध्ये 'आफ्टर डार्क' नावाचं डीएलसी (मूळ गेमला नंतर जोडायचा जादा भाग) आलं, त्यातून ती आली. रस्त्याच्या कडेला सायकलची पट्टी, फक्त सायकलींसाठी वेगळी वाट, आणि लोकांनी सायकल वापरावी म्हणून राबवायचं एक धोरण. एवढंच. पण तेवढ्यानं खेळायची पद्धत बदलली. माझ्या तिथल्या शहरात नदीवर एकच पूल होता आणि संध्याकाळी त्यावरची गाड्यांची रांग पार हायवेला जाऊन भिडायची. दुसरा पूल बांधण्याइतके पैसे हातात होते. तरी आधी मी घरांच्या बाजूनं, कॉलेजला वळसा घालून, थेट कारखान्यांपर्यंत सायकलची वाट टाकून पाहिली, मधे नदीवर सायकलींपुरता अरुंद पूल. पुढे पुढे वाहतुकीच्या नकाशात गर्दीमुळे लाल दिसणारा मोठा पूल नारिंगी झाला, मग हिरवटही दिसायला लागला. एका छोट्या निर्णयानं शहर वेगळं वागायला लागलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. शहर वसवायच्या गेमकडून मला नेमकं हेच हवं असतं.

पुण्यात वाढलेल्या माणसाला याचं अप्रूप का वाटतं, ते पुणेकरांना सांगायला नको. सायकलींचं शहर ही ओळख आमच्या आधीच्या पिढीनं पाहिली. डिसेंबर 2006 मध्ये सातारा रस्त्यावर बीआरटी (बससाठी राखीव मार्ग) आली, तिच्या कडेनं सायकल ट्रॅक झाले. 2017 मध्ये महापालिकेनं अख्ख्या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, त्याच वर्षाअखेरीस भाड्याच्या सायकली आल्या आणि यथावकाश गेल्या. आज ट्रॅकवर काय दिसतं? लावलेल्या दुचाकी, एखादी टपरी, मधेच विजेचा डीपी. प्रत्यक्षात जे जमलं नाही ते निदान स्क्रीनवर नीट उभं करून बघावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. डावीकडून चालणारी वाहतूक निवडायची, नदी असलेला नकाशा घ्यायचा आणि बसायचं.

आता दुसऱ्या भागाकडे. नव्या गोष्टींची यादी लांबलचक आहे. पहिल्या भागात मॉड (खेळाडूंनी बनवलेले जादा तुकडे) न टाकता जमिनीचे 9 चौकोन मिळायचे, इथे 441 आहेत, एकूण 159 चौरस किलोमीटर. ऋतू बदलतात. थंडी पडली की विजेची मागणी वाढते. शाळेला नवी विंग जोडता येते, अग्निशमन केंद्राला जादा गॅरेज जोडता येतं. वीज बाहेर विकता येते, बाहेरून घेता येते. कुठल्याही नागरिकावर क्लिक करून त्याचं शिक्षण, नोकरी, घर, अख्ख्या आयुष्याची नोंद बघता येते. प्रगतीचे वीस टप्पे आहेत.

वाचायला सगळं भारी वाटतं. खेळताना यातलं किती कामाला येतं ते सांगतो. थंडीचा प्रश्न एक जादा वीजकेंद्र बांधलं की सुटतो, पुन्हा त्याकडे बघावंही लागत नाही. वीस टप्प्यांचे गुण नुसते रस्ते टाकून आणि इमारती उभ्या करूनही मिळतात, शिवाय प्रत्येक टप्प्याला बक्षिसाची रक्कम. म्हणजे शहर नीट चालो न चालो, तुम्ही बांधत राहिलात की पुढे सरकताच. नागरिकाच्या आयुष्याची नोंद पहिल्या दोन-चार जणांची हौसेनं वाचली, मग सोडून दिली, कारण त्या नोंदीतून मला शहरासाठी करण्यासारखं काही सापडेना.

आणि याच भागात सायकलची उणीव सगळ्यात जास्त बोचते. कसं ते बघा. या गेमचा नागरिक रस्ता निवडताना वेळ, पैसा, आराम अशा गोष्टी तोलतो, हे कंपनीनंच गेम यायच्या आधी सविस्तर सांगितलं होतं. किशोरवयीन मुलं पैसे वाचवायला बघतात, कामावर जाणारे वेळ बघतात, म्हातारी माणसं आराम बघतात. कल्पना उत्तम आहे, पहिल्या भागात असलं काही नव्हतं. पण मग पैसे वाचवू बघणाऱ्या पोराला तुम्ही सगळ्यात स्वस्त वाहनच दिलं नाहीत! एका शाळकरी पोरामागे कॅमेरा लावून बसलो होतो. घर नदीच्या अलीकडे, शाळा पलीकडे. मी नदीकाठानं छान झाडं लावून पायवाट केलेली. पोरगा घरातून निघाला, पायवाटेनं बराच चालला, पुलापाशी बस स्टॉपवर उभा राहिला, बस आली, दोन थांब्यांवर उतरला, पुन्हा चालायला लागला. त्या अंतराला पुण्यात कुठल्याही पोरानं सायकल काढली असती. आत इतकं बारीक गणित बसवलेलं आहे आणि उत्तरासाठी पर्याय मात्र तीनच: चाल, बस-ट्राममध्ये बस, नाहीतर गाडी काढ.

त्यात पार्किंग नव्यानं आलं आहे. पहिल्या भागात माणसं खिशातून काढल्यासारखी गाडी काढायची आणि ठेवायची, आता गाडी खरोखर कुठेतरी लावावी लागते. हा बदल मला पटतो. शहर म्हटलं की हा प्रश्न आलाच. पण गाडीला खरा पर्याय नसताना पार्किंग आणलं, की माझ्यासारख्या खेळणाऱ्याच्या हातात एकच उपाय उरतो, आणखी पार्किंग. पुलाच्या तोंडाशी मी बाग करणार होतो, तिथे आज बहुमजली पार्किंग उभं आहे. रस्त्यावर पार्किंगला शुल्क लावून बघितलं, तर तीच गर्दी शेजारच्या गल्लीत गेली. लक्ष्मी रोडवर हेच रोज बघतो, मग गेम कशाला?

खर्चाचं बोलतो, कारण हा विषय माझ्या मनातून जात नाही. कंपनीनं शिफारस म्हणून लिहिलेलं ग्राफिक्स कार्ड होतं आरटीएक्स 3080. गेम यायच्या तोंडावर त्यांनी स्वतःच जाहीर केलं की कामगिरी आम्ही ठरवली होती तिथवर पोचलेली नाही. पुढे खेळाडूंनी उकलून पाहिलं तर नागरिकांच्या तोंडात दातसुद्धा कोरलेले निघाले. जो माणूस स्क्रीनवर मुंगीएवढा दिसतो त्याला दात! आणि लांबून बघताना वापरायची त्याची साधी आकृती मात्र तयारच नव्हती, हे कंपनीनं नंतर मान्य केलं. पुढच्या पॅचमध्ये फरक पडला, तो मला स्वतःला जाणवला. पण वस्ती लाखाच्या पुढे गेली की घड्याळ सुस्तावतं. वेग सगळ्यात जास्त ठेवला तरी दिवस सरकत नाही.

माझ्या जुन्या कार्डचा पंखा या उन्हाळ्यात बसला. त्याचा दोष मी गेमला देत नाही, कार्ड जुनंच होतं. दुकानात नेलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, गेमिंग केलंय, वॉरंटीत नाही बसणार." मी म्हटलं, "अरे, बिलावर तुम्हीच गेमिंग कार्ड म्हणून लिहून दिलंय, वाच की." दोन हेलपाटे झाले, आवाज चढले, शेवटी अर्धे पैसे मला भरावे लागले. त्या दिवशी घरी येऊन हिशेब मांडला. पहिला भाग याच कार्डवर वर्षानुवर्षं गुमान चालला होता. दुसऱ्या भागासाठी नवं कार्ड, त्याला पुरेसा एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा), जादा रॅम एवढं सगळं धरलं तर गेमची किंमत त्यापुढे चिल्लर ठरते. बदल्यात मला मिळालं काय, हे विचारायचा हक्क आहे की नाही?

पैशांच्या गणितात सुधारणा झाली, हे मान्य करायला हवं. सुरुवातीला सरकारी अनुदान आपोआप यायचं, बुडायची भीतीच नव्हती. जून 2024 मध्ये अर्थव्यवस्थेचा मोठा पॅच आला, अनुदान बंद झालं, बाहेरच्या शहरातून येणाऱ्या ॲम्ब्युलन्स, कचऱ्याच्या गाड्या यांचे पैसे द्यावे लागायला लागले. तेव्हापासून बजेटचा तक्ता उघडून बघावासा वाटतो. पण हे पहिल्याच दिवशी हवं होतं. मार्च 2024 मध्ये समुद्रकिनाऱ्याच्या घरांचं डीएलसी विकायला काढलं, लोकांनी ते इतकं झोडपलं की कंपनीनं माफी मागितली, पैसे परत केले आणि ते फुकट वाटलं. मूळ घर गळत असताना समुद्राकाठचा बंगला विकायला काढला, तर लोक चिडणारच.

इथवर लिहून चार दिवस थांबलो. मधल्या काळात पहिला भाग पुन्हा इन्स्टॉल केला आणि जुनं शहर उघडलं. सायकली बघून जीव सुखावला, ते खरंच. पण रस्ता टाकायला घेतला आणि हात अडखळले. दुसऱ्या भागातलं रस्ते टाकायचं साधन किती पुढचं आहे, ते तेव्हा उमगलं. तिथे एका ओढीत अख्ख्या पेठेची जाळी पडते, समांतर रस्ते एकदम टाकता येतात, चौकाचा गोल करायला एक क्लिक पुरतो, रस्त्यासोबतच पाण्याची पाइपलाइन आणि विजेची तार जाते. झेब्रा क्रॉसिंग हवं तिथे द्या, नको तिथून काढा, डावं वळण बंद करा, फुटपाथ रुंद करा. पहिल्या भागात यातल्या कितीतरी गोष्टींसाठी मॉड शोधत बसावं लागायचं. तेव्हा 'दुसरा भाग पूर्ण वाया गेला' असं मी म्हणणार नाही. रस्त्याच्या बाबतीत खरी सुधारणा झाली आहे, हे मान्य. फ्रान्स, जर्मनी, जपान यांच्या धाटणीच्या इमारतींचे पॅक फुकट मिळाले, तेही चांगलं झालं. जपानी वस्ती उभी केली तर गल्ली हुबेहूब दिसते, पण स्टेशनकडे सायकलनं जाणारं कोणी नसलं की ती गल्ली जपानची वाटत नाही.

रस्ते इतके सुंदर करायची सोय दिली, आणि त्यावर चालवायला दिल्या गाड्याच. माझी तक्रार आता एवढ्यावर येऊन थांबली आहे. मोठा नकाशा, ऋतू, वीस टप्पे यांतलं काहीही काढून घेतलं तरी माझी हरकत नाही. त्याऐवजी सायकलची पट्टी, तिचा स्टँड आणि पोरांच्या हिशेबात तिचा पर्याय एवढं द्या, शहर बदलून दाखवतो.

विकत घ्यावा का? जुना पीसी असेल तर यासाठी कार्ड बदलू नका. पहिला भाग आणि सोबत 'आफ्टर डार्क' सेलमध्ये घ्या, पुष्कळ वर्षं पुरेल. पीसी आधीच दमदार असेल आणि रस्ते आखायची खरी आवड असेल तर दुसरा घ्या, पण तोही सेलमध्येच. प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवाल्यांनी थांबावं, हे लिहीपर्यंत तरी त्यांच्यासाठी तो आलेला नाही. माझ्याकडे दोन्ही राहतील, महिन्यातून एखाद्या रविवारी दुसरा उघडून नवा पॅच बघत जाईन. सायकल आली तर पुलाजवळची पार्किंगची इमारत पाडून परत मोजमाप करीन आणि इथेच खाली लिहीन. मात्र ती वेगळे पैसे लावून विकली, तर मी घेणार नाही.