ग्राम आरोग्य, स्वच्छता आणि पोषण समिती: सीमाभागातल्या गावांसाठी परीक्षण

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातून ही समिती उभी राहिली. २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीत किमान १५ सदस्य हवेत, त्यात निम्म्या बायका. अध्यक्ष त्याच गावात राहणारा पंचायत सदस्य, शक्यतो महिला; सचिव आशाताई. महिन्याला एक बैठक आणि वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी, म्हणजे कशावर खर्च करायचा ते गावानं ठरवायचं. रचनेला पाचपैकी चार गुण सहज देता येतात. वापराला मात्र दोनच. लोकांचं म्हणणं सरकारी आरोग्य आराखड्यात पोचायच्या आत दोन ठिकाणी गळतं, भाषेत आणि तारखेत.

आधी पैशाचं बघू. १०,००० म्हणजे महिन्याला ८३३ रुपये. मार्च उजाडला की खुर्च्या, सतरंज्या घेऊन खातं रिकामं करायची सवय वाईट. खर्च साऱ्या गावाच्या उपयोगाचा हवा. अपवाद निराधार बाई किंवा अगदी गरीब घराचा. ज्या कामाला दुसऱ्या खात्याकडे पैसे आहेत, जसं गटार बांधणं, ते या निधीतून करू नये. आजारी माणसाला दवाखान्यापर्यंत नेण्याचं भाडं, विहिरीच्या पाण्याची तपासणी, डासांची पैदास होणारी डबकी बुजवणं असल्या गोष्टींना तो पुरतो.

दुसरी चूक मागणी चुकीच्या दारात नेण्याची. समितीनं ठराव करण्याआधी मागण्या तीन ढिगांत वेगळ्या कराव्यात. गावाच्या १०,००० मधून होणाऱ्या पहिल्या. प्राथमिक आरोग्य केंद्राचा कारभार बघणाऱ्या आरोग्य रक्षा समितीकडे जाणाऱ्या दुसऱ्या: बाकडी, पिण्याचं पाणी, बाळंतिणीच्या खोलीचा पडदा, किरकोळ दुरुस्ती. अभियानाच्या मूळ आराखड्यात अशा आरोग्य केंद्रासाठी वर्षाला एकूण १,७५,००० रुपयांची तरतूद यासाठीच होती. डॉक्टरची रिकामी जागा, नवं उपकेंद्र, रुग्णवाहिकेचा तळ या तिसऱ्या. त्या जिल्हा आणि राज्याच्या आराखड्यातूनच सुटतात. गावच्या बैठकीत डॉक्टर मागून तिथंच थांबलं की लोक निराश होतात आणि पुढच्या बैठकीला येत नाहीत.

आता भाषा. सीमाभागात चर्चा मराठीत होते, रजिस्टर कन्नडमध्ये लिहिलं जातं, आणि सह्या न वाचताच पडतात. बायकांनी सांगितलेलं नेमकं याच वाटेत हरवतं. उपाय सोपा आहे: रजिस्टरच्या डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर कन्नड, सही घेण्याआधी दोन्ही मोठ्यानं वाचावं. फक्त मराठीचा हट्ट धरला तर तालुक्याला कागद तसाच पडून राहतो, फक्त कन्नड ठेवलं तर गावाला काय ठरलं ते कळत नाही. शिवाय जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त, तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात हे देशपातळीवर मान्य झालेलं तत्त्व आहे. लसीकरणाचं वेळापत्रक आणि फुकट औषधांची यादी मराठीतही लावा, अशी मागणी त्याच आधारावर लेखी करावी.

तारखेचं गणित जास्त नडतं. सरकारी वर्ष एप्रिलपासून, पण वरचे आराखडे त्याआधीच्या हिवाळ्यात तयार होतात. म्हणून गावचा ठराव दसरा-दिवाळीच्या सुमारास झालेला बरा. खानापूरच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात तेव्हाच भातकापणी असते; भरदुपारी बैठक लावली तर समिती ओस पडते. तिथं रात्री जेवणानंतर देवळात बसावं. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बायकांची वेळ त्यांना विचारूनच ठरवावी. भीमगड अभयारण्यातल्या गवाळी, आमगावसारख्या वस्त्यांनी पावसाळ्यात वाट बंद झाली की आजाऱ्याला कुठवर उचलून न्यावं लागतं, हे घडलं त्याच महिन्यात तारखेसह लिहून ठेवावं.

मागणीत आकडा हवा. ‘सेवा नीट नाही’ याला उत्तर मिळत नाही. ‘उपकेंद्र या महिन्यात अमुक दिवशी बंद होतं, सर्वांत जवळचं केंद्र अमुक किलोमीटर’ याला द्यावं लागतं. २००७ मध्ये कर्नाटक, महाराष्ट्रासह ९ राज्यांत लोकाधारित देखरेख, म्हणजे आरोग्य सेवांवर लोकांनीच लक्ष ठेवणं, सुरू झाली, तेव्हाचं प्रगतिपत्रक आजही कामाचं आहे: सेवेला ७५ टक्के किंवा जास्त गुण तर रंग हिरवा, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल. न शिकलेल्या आजीलाही ते वाचता येतं.

एक अवघड गोष्ट. सचिव आशाताई, आणि तिचा मोबदला आरोग्य केंद्राच्या हातून निघतो. सिस्टर किंवा डॉक्टरविरुद्धची तक्रार तिलाच लिहायला लावणं अन्याय आहे. तक्रार दुसऱ्या सदस्यानं वाचावी, ठरावात ‘समितीचं मत’ असं लिहावं.

ठरावाच्या प्रती ग्रामसभेत ठेवून पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), आरोग्य केंद्र आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्याव्यात, शिक्का आणि तारखेची पोच घ्यावी. पुढची बैठक आलेल्या उत्तरांच्या वाचनानं सुरू करावी: मागणी, उत्तर, कारण, असे तीन रकाने. ‘निधी नाही’ असं उत्तर आलं तरी ते रजिस्टरात चढवावं आणि पुढच्या वर्षीच्या ठरावाला त्याची झेरॉक्स जोडावी.