किस्किट: नवे क्वांटम अल्गोरिदम शोधू पाहणाऱ्यांनी आधी हे वापरून बघा

बडोद्याला दांडिया बाजारात आमच्या घरी संध्याकाळी बी.एस्सी.ची मुलं गणिताला येतात. त्यांतल्या काहींना नवा क्वांटम अल्गोरिदम शोधायचाय, म्हणून क्वांटम संगणकासाठी प्रोग्राम लिहायचं आयबीएमचं सॉफ्टवेअर, किस्किट, घेतलं. फुकट आहे आणि पायथनवर चालतं.

सुरुवात ग्रोव्हरपासून केली, म्हणजे अनेक पर्यायांतून बरोबर तो शोधणाऱ्या क्वांटम अल्गोरिदमपासून. तीन क्यूबिट (क्वांटम संगणकाचे बिट), आठ पर्याय, त्यातला एकच बरोबर. पहिल्या फेरीनंतर बरोबर उत्तर मिळण्याची शक्यता 78 टक्के, दुसरीनंतर साडेचौऱ्याण्णव. तिसरी फेरी दिली आणि आकडा थेट 33 वर! मुलं चक्रावली. मग वहीत कोन काढून दाखवला: प्रत्येक फेरीत स्थिती ठरावीक कोनातून वळते, तिसऱ्या फेरीत ती उत्तराच्या पार पुढे जाते. फळ्यावर हे मी आधीही शिकवलं होतं, पण स्क्रीनवरचे स्तंभ कोसळताना पाहून ते डोक्यात बसलं.

मोठ्या संख्यांचे अवयव पाडणारा शोरचा अल्गोरिदम 1994 चा, ग्रोव्हरचा 1996 चा. त्यानंतर इतक्या मोलाचं फार थोडंच हाती लागलं, कारण चुकीची उत्तरं एकमेकांना खोडतील अशी रचना मुळात प्रश्नातच असावी लागते. शिवाय साध्या संगणकाशी स्पर्धा आहेच. शिफारशी सुचवणारा 2016 चा क्वांटम अल्गोरिदम घ्या. साध्या संगणकाला तो वेग जमणार नाही, हे सिद्ध करायला बसलेल्या अठरा वर्षांच्या युइन टँगने 2018 मध्ये तो जमतो हेच दाखवून दिलं. ही गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगते.

एका मुलाची कल्पना खरंच छान होती, पण तिच्यात 1,024 आकडे आधी क्यूबिटमध्ये भरायचे होते. ट्रान्सपाइल करून (म्हणजे प्रोग्राम गेटांत, यंत्राच्या मूळ क्रियांत, बदलून) गेटं मोजणारं 'काउंट ऑप्स' चालवलं, तर सगळी गेटं त्या भरणीतच खर्च झालेली. वेग तिथेच संपला. असा हिशोब लगेच समोर येतो, यासाठी मला किस्किट फार आवडतं. अल्गोरिदम मात्र ते सुचवत नाही, तो वहीतच सुचायला हवा.

घेणाऱ्यांसाठी: साध्या संगणकावर क्यूबिटची नक्कल करणारा सिम्युलेटर हवा तर किस्किटचं 'एअर' हे पॅकेज वेगळं टाका. दर क्यूबिटमागे मेमरी दुप्पट लागते, तीस क्यूबिटना 16 जीबी. 8 जीबीच्या लॅपटॉपवर अठ्ठावीसच्या पुढे जाऊ नका. 2024 च्या 1.0 आवृत्तीत प्रोग्राम चालवायचं जुनं फंक्शन 'एक्झिक्यूट' काढून टाकलंय, त्यामुळे धडे त्यानंतरचेच घ्या.