खांदा पहिल्यांदाच निखळलाय: झोळी की ऑपरेशन?

चढाईपटू मध्यरेषेकडे हात लांबवून झेपावतो आणि मागून कोणीतरी तोच हात धरून ओढतो. कबड्डीत खांदा उतरतो तो बऱ्याचदा असाच. आमच्या मंडळातल्या एकोणीस वर्षांच्या पोराचं हेच झालं. खांद्याची गोलाई जाऊन तिथे खळगा पडला होता, दुसऱ्या हाताने कोपर धरून तो बसला होता. "ओढून बसवतो" म्हणत एक जण पुढे आला, त्याला अडवलं. एक्स-रेच्या आधी ओढाताण केली तर हाड मोडू शकतं, नसेला इजा होऊ शकते. हात आहे तसा अंगाशी बांधून दवाखाना गाठायचा, बस.

सांधा बसल्यावर खरा प्रश्न येतो.

झोळीचा मार्ग स्वस्त. दोन-तीन आठवडे गळ्यात हात, मग फिजिओकडे व्यायाम, सगळं नीट झालं तर तीनेक महिन्यांत खेळ. अडचण एकच, पण मोठी. दंडाच्या हाडाचा गोळा ज्या उखळीत बसतो, तिच्या काठावरची कूर्चा पुढून फाटलेली असते आणि ती जागेवर चिकटेलच असं नाही. विशीच्या आतबाहेरचा, धरपकडीचा खेळ खेळणारा असेल, तर खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. आणि दर वेळी उखळीचं हाड थोडं झिजतं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तो काठ पुन्हा हाडाला शिवतात. खर्च आणि भूल आलीच, चार-सहा आठवडे झोळी चुकत नाही, आणि मॅटवर यायला साधारण सहा महिने. हात बाहेर वळवताना थोडा ताठपणा राहू शकतो. पुन्हा निखळायचा धोका मात्र खूप घटतो, संपत नाही. श्रेयस अय्यरचा खांदा मार्च 2021 मध्ये पुण्याच्या वनडेत दुखावला, एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं आणि सप्टेंबरमध्ये तो आयपीएल खेळला.

माझं मत विचाराल तर, तरुण कबड्डीपटूने पहिल्याच वेळी एमआरआय करून ऑपरेशनचा सल्ला घ्यावा. तीन-चारदा निखळून हाड बरंच झिजलं, तर नुसती शिलाई पुरत नाही, हाडाचा तुकडा आणून बसवावा लागतो. चाळिशीपुढच्या हौशी खेळाडूला बहुधा झोळी पुरते, फक्त आतले स्नायू फाटले नाहीत ना, हे तपासून घ्यावं.

व्यायाम दोन्हीकडे सारखाच, आणि ज्यांचा खांदा शाबूत आहे त्यांनाही. आमची पोरं जोर मारून छाती कमावतात, खांद्यामागचे स्नायू तसेच राहतात. रबर बँड बाहेरच्या बाजूला ओढणं कंटाळवाणं असतं, पण सांधा तेच धरून ठेवतं.

आमच्या पोराने ऑपरेशन निवडलं. चौथा महिना चालू आहे. खिडकीच्या गजाला बँड बांधून रोज ओढतो, मॅटवर अजून सोडलेलं नाही.