टिळकवाडीतलं जीन तपासणीचं कलेक्शन सेंटर: पाचपैकी चार

निपाणीच्या आत्तीला फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला तेव्हा गल्लीनं लगेच तंबाखूच्या वखारीकडे बोट दाखवलं. आत्तीनं जन्मात विडी ओढलेली नाही. पण विडी न ओढणाऱ्यांनाही हा होतो, आणि ईजीएफआर जीनमधला बदल अशांच्यात जास्त सापडतो. औषध ठरवण्याआधी ही तपासणी करा, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक (गाठीचा काढलेला तुकडा मेणात बसवलेला) घेऊन बेळगावला आलो.

काउंटरवरची पोरगी मराठीत नीट बोलली, एक तारा तिचाच. ईजीएफआर हा पेशीच्या अंगावरचा रिसेप्टर. बाहेरून निरोप आला की तो आत 'वाढा' म्हणून कळवतो, नाहीतर गप्प. जीन बिघडला की निरोप नसतानाही तो चालूच राहतो, बटण आत अडकलेल्या दारावरच्या बेलसारखा. मग पेशी विभागतच सुटतात. आत्तीच्या रिपोर्टात एक्झॉन १९ डिलीशन आलं, म्हणजे याच जीनच्या एका भागातला तुकडा गळालेला. त्यावर ओसिमर्टिनिबची गोळी चालते. एएलके या दुसऱ्या जीनची तपासणी निगेटिव्ह, म्हणजे त्यात बिघाड नाही. गोळीनं आजार आटोक्यात येतो, मुळासकट जाईलच असं नाही, हेही तिनं लपवलं नाही.

तक्रार एकच. ब्लॉक परत द्यायला फार टंगळमंगळ केली. मागून घ्याच, पुढच्या तपासण्यांना तोच लागतो. रिपोर्ट इंग्रजीतच मिळतो. दर आधी विचारा, आणि पार्किंगचं तर नावच काढू नका.