२ मिमी ०/९० कार्बन शीट: पावसाळाभर वापरल्यावर

ग्रेड, रेझिन, फिनिश सगळ्यांना माहीत आहे, त्यात पडत नाही. शीट म्हणजे कार्बन तंतूंचे थर रेझिनने एकावर एक चिकटवलेले: ० च्या थरात तंतू ओढीच्या दिशेने, ९० च्या थरात आडवे. माझं भांडण फक्त ९० च्या थरांशी आहे.

फवारणी बूमला (औषध फवारायच्या लांब दांडीला) धरून ठेवणाऱ्या पट्ट्या आम्ही या शीटमधून कापल्या. त्या कायम ओढीत असतात. पावसाळा संपताना एका पट्टीवर नाणं वाजवलं तर 'टण्ण' ऐवजी 'भद्द' आवाज. सप्लायरचं उत्तर : "साहेब, तुटली का? नाही ना? मग?"

उरलेल्या शीटची पट्टी कापली, कड पॉलिश पेपरने गुळगुळीत केली, तिच्यावर व्हाइटनरचा पातळ हात मारला आणि ओळखीच्या कॉलेजात यूटीएमवर (ओढून ताकद मोजायच्या मशीनवर) लावली. तुटायच्या भाराच्या निम्म्यावरही काटा पोचला नव्हता, तोच टिक, टिक सुरू. पांढऱ्या कडेवर केसासारख्या काळ्या रेघा उमटायला लागल्या, सगळ्या जाडीच्या मधल्याच भागात. ० च्या थरापाशी पोचली की रेघ थांबते.

९० च्या थरात तंतू ओढीला आडवे, म्हणजे सगळा ताण इपॉक्सीवर (म्हणजे रेझिनवर) आणि तिच्या पकडीवर. साधारण अर्धा टक्का लांबला की हा थर तडकतो. ० चे उभे तंतू मात्र दीड टक्क्यापर्यंत जातात. हे प्रत्येक ०/९० शीटमध्ये होणारच. पण या महाशयांनी सोळापैकी आठही ९० चे थर मधोमध एकावर एक ठेवलेत! एवढा जाड गठ्ठा लवकर फुटतो. एकाआड एक लावले असते तर शेजारच्या ० च्या थरांनी आवर घातला असता. कापड तेवढंच, रेझिन तेवढंच, फक्त मांडायचा कंटाळा.

इथवर दोन स्टार देणार होतो. पण पट्टी पुढे ओढत नेली तर डेटाशीटमधला तुटायच्या भाराचा आकडा बरोबर निघाला, कारण शेवटचा भार ० चे थरच पेलतात. (तुटताना पूर्वसूचना जवळपास नाही, एकदम धडाका आणि कुसळं. गॉगल घाला.) म्हणजे नुसत्या एकदाच्या ओढीसाठी माल खरा आहे. तीन स्टार.

आमचा बूम मात्र शेतात दिवसभर धक्के खातो. प्रत्येक तड्याच्या टोकापासून ० आणि ९० मधला जोड हळूहळू सोलवटत जातो. नाण्याचा 'भद्द' तोच. म्हणून अर्धा स्टार परत काढला.

पुढच्या ऑर्डरला थरांचा क्रम लेखी मागितला, तर 'स्पेशल लेअप' (थरांची वेगळी मांडणी) म्हणून शीटमागे जादा पैसे सांगितले. ऑर्डर दिली नाही. दुसरा सप्लायर बघतोय.