फ्लाईटचं अंतर अन् वेळ सांगणारं ॲप, आठ महिने वापरून झालं (3 स्टार)

ॲपचं नाव लिहीत नाही, दोन विमानतळ टाकले की किलोमीटर आणि फ्लाईट टाईम दाखवतं, बस एवढंच काम. बाबा रिटायर झाले तेव्हा डाऊनलोड केलं होतं, कारण त्यांच्या डोक्यात एकच, अंदमान आणि लक्षद्वीप एकाच ट्रिपमध्ये उरकायचं. मी अंदमानचं पोर्ट ब्लेअर ते लक्षद्वीपचं अगत्ती टाकून पाहिलं (2024 ला शहराचं नाव श्री विजयपुरम झालं पण ॲपमध्ये आणि आमच्या घरात अजून जुनंच चालू आहे), तर आलं 2243 किमी, 3 तास 18 मिनिटं. झालं! बाबांनी सगळ्या कॉलनीत सांगून टाकलं, नाश्ता अंदमानात अन् जेवण लक्षद्वीपला.

डायरेक्ट फ्लाईटच नाही ना बावा. ॲपला त्याचं काही घेणंदेणं नाही, ते फक्त पृथ्वीच्या गोलाईवरून दोन बिंदूंमधलं सर्वात कमी अंतर काढतं. आम्ही गेलो चेन्नई, मग कोची, कोचीत रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी अगत्ती. लक्षद्वीपचं परमिट आधी काढून ठेवावं लागलं ते वेगळंच. बाबा कोचीच्या लॉजवर बसून मला विचारून राहिले होते, "काऊन रे, तीन तास झाले का?"

अंतर मात्र बरोबर असतं, तिथे तक्रार नाही. घोळ वेळेत आहे. कोची-अगत्ती 468 किमी, ॲप म्हणे 1 तास 5 मिनिटं, पण अगत्तीची धावपट्टी जेमतेम सव्वा किलोमीटरची, मोठं जेट उतरतच नाही, एटीआरसारखं पंख्याचं विमान जातं आणि त्याचा वेग ताशी 500 च्या आसपास, आम्हाला दीड तास लागला.

मग मी डोकं लावलं. स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही जगातली सर्वात छोटी नियमित फ्लाईट आहे, 2.7 किमी, टाईमटेबलात दोन मिनिटं, वारा साथीला असला तर मिनिटभराच्या आतही पोचलेली आहे. आपल्या नागपुरात बर्डीवरून सोनेगाव विमानतळ याच्यापेक्षा लांब आहे बे! ॲपने सांगितलं 30 मिनिटं. तेव्हा कळलं की कुठलंही अंतर असो, हे त्याला ताशी 800 किमीच्या वेगाने भागतं आणि वरून अर्धा तास चिकटवतं. विमान कोणतं, धावपट्टी केवढी, काही पाहत नाही. लांबच्या जेटच्या प्रवासाला चालून जातं, बेटाबेटांच्या छोट्या उड्यांना साफ फसतं.

एक गोष्ट ॲपमुळेच लक्षात आली. ते अक्षांश-रेखांशही दाखवतं, त्यात पोर्ट ब्लेअर 92.7 आणि अगत्ती 72.2, म्हणजे आपली प्रमाणवेळ ज्या 82.5 वरून ठरते ती रेषा जवळपास बरोबर मधोमध. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण सूर्य अगत्तीला सुमारे 80 मिनिटं उशिरा उगवतो. पोर्ट ब्लेअरला आई पाचला उजेड पाहून चहा मागायची, अगत्तीला साडेपाचला उठली तर बाहेर अंधार, तिला वाटलं घड्याळच बंद पडलं.

अनइन्स्टॉल नाही केलं. फक्त सेटिंगमध्ये जाऊन नॉटिकल माईल (समुद्री मैल, एक म्हणजे 1.852 किमी) बंद करा, माझ्या भावाने पोर्ट ब्लेअर-अगत्तीचा 1211 आकडा पाहिला आणि किलोमीटर समजून अर्ध्याच अंतराचा हिशोब करून बसला होता.