शाळकरी मुलांचं क्रिकेट हेल्मेट: ॲडजस्टेबल ग्रील की फिक्स्ड?

दिवाळीनंतर शालेय स्पर्धा तोंडावर आल्या की ओळखीतल्या एखाद्या घरातून हा प्रश्न हमखास येतो. मूल टेनिस बॉलवरून सीझन बॉलवर, म्हणजे टणक चामडी चेंडूवर, आलेलं असतं, सरांनी ‘स्वतःचं हेल्मेट आणा’ म्हणून बजावलेलं असतं आणि दुकानात दोन प्रकार समोर ठेवले जातात. एकात ग्रील, म्हणजे चेहऱ्यासमोरची धातूची जाळी, बाजूच्या स्क्रूंवर वर-खाली सरकवता येते, दुसऱ्यात ती एकाच जागी पक्की असते. ग्रील स्टीलची घ्यावी की टायटॅनियमची, रंग कुठला, पॅडिंग धुता येतं का, हे दुकानदार सांगेलच, म्हणून ते सोडून देतो. टायटॅनियमबद्दल एवढंच म्हणेन की वाढत्या वयाच्या मुलासाठी तेच पैसे पुढच्या वर्षीच्या मोठ्या मापासाठी राखून ठेवलेले बरे.

आमच्या घरात दोन्ही वापरून झाली आहेत. मुलगी चौदा वर्षांखालच्या गटात खेळते, वरच्या फळीत. तिचं पहिलं हेल्मेट ॲडजस्टेबल होतं, आता फिक्स्ड आहे.

आधी ॲडजस्टेबलची बाजू, कारण ती लंगडी नाही. एक तर स्वस्त पडतं. दुसरं, ग्रील वाकली तर आमच्या भागातल्या साध्या दुकानातही बदलून मिळाली. फिक्स्डला त्याच मॉडेलची ग्रील शोधावी लागते. तिसरं, चष्मा लावणाऱ्या मुलांना ग्रील थोडी इकडे-तिकडे करता आली की खरंच आराम पडतो. आणि नजरेचा मुद्दा तर आहेच. फिक्स्ड हेल्मेटमध्ये वरचा छज्जा आणि ग्रीलची पहिली दांडी यांच्यातली फट अरुंद असते, त्यामुळे सुरुवातीला ती दांडी डोळ्यांसमोर येते. आमच्या मुलीच्या सरांचा आक्षेप हाच होता, की मुलं दांडीखालून बघायला जातात, हनुवटी वर उचलतात आणि डोक्याची ठेवण बिघडते. सरांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पहिले काही दिवस ती तशीच उभी राहत होती. मग डोळ्यांना सवय झाली आणि डोकं आपोआप जागेवर आलं. सगळ्या मुलांचं असंच होईल असं मी म्हणणार नाही.

आता माझ्यासाठी निकाल लावला त्या त्रासाकडे येतो. तो म्हणजे ते दोन स्क्रू.

ॲडजस्टेबल हेल्मेटची ग्रील कानाजवळच्या दोन स्क्रूंवर पेललेली असते. किटबॅग लोकलच्या रॅकवर आपटते, पॅड्स आणि बॅटखाली दबते, मैदानात कुणीतरी तिच्यावरच बसतं. या सगळ्यात स्क्रू हळूहळू सैल होतो आणि ग्रील केसभर खाली येते. लांबून पाहिलं तर काही कळत नाही. मी दर रविवारी स्क्रू आवळायचो आणि बुधवारपर्यंत एक बाजू पुन्हा ढिली व्हायची. वॉशर घातले, दुकानदाराकडून स्क्रू बदलून घेतले, तेवढ्यापुरता फरक पडला. त्यात मुलांची स्वतःची कारागिरी वेगळीच. ‘बॉल नीट दिसत नाही’ असं एकाने म्हटलं की दुसरा नाणं घालून स्क्रू फिरवतो आणि ग्रील खाली ओढतो. हेल्मेट मैत्रिणीला वापरायला दिलं की तिच्या सोयीने सरकवलेली ग्रील घेऊन ते परत येतं. नॉन-स्ट्रायकरला असलेली मुलगी घाईत येऊन तेच हेल्मेट चढवते, तेव्हा फट मोजायला कुणाला वेळ असतो?

एकदा नेट्सच्या आधी मी सहज सीझन बॉल घेऊन तो छज्जा आणि ग्रीलच्या मधून आत ढकलून पाहिला. अंगठ्याचा जरा जोर लावला आणि बॉल आतल्या बाजूने गालाच्या पॅडिंगला टेकला. जेमतेम आठवड्यापूर्वी ती फट बरोबर होती. हे काही प्रयोगशाळेतलं मोजमाप नव्हे, पण माझ्यापुरता विषय तिथे संपला.

ही फट किती महागात पडू शकते, हे 2014 साली जगाने पाहिलं. त्या उन्हाळ्यात ओल्ड ट्रॅफर्डला आपल्या वरुण ॲरनचा उसळता चेंडू इंग्लंडच्या स्टुअर्ट ब्रॉडच्या छज्जा आणि ग्रीलच्या मधून घुसला आणि त्याचं नाक मोडलं. त्याच मोसमात कौंटी सामन्यात, म्हणजे इंग्लंडच्या देशांतर्गत स्पर्धेत, यष्टिरक्षक-फलंदाज क्रेग कीसवेटरच्या हेल्मेटमधून चेंडू असाच आत गेला. नाक आणि डोळ्याची खोबण दोन्ही मोडलं आणि पुढच्या वर्षी तो खेळातूनच निवृत्त झाला. दोघेही हेल्मेट घालूनच खेळत होते. बीएस 7928:2013 या ब्रिटिश मानकात खऱ्याखुऱ्या वेगाने चेंडू मारून तो फटीतून आत जातो का आणि ग्रील चेहऱ्यावर आदळते का, हे तपासलं जातं. 2017 पासून आंतरराष्ट्रीय सामन्यात हेल्मेट घालणाऱ्या फलंदाजाला या मानकाचंच हेल्मेट लागतं. शाळेच्या सामन्यात ते बघायला कुणी येत नाही, ते आपणच बघायचं.

आणि बघताना एक बारकावा. ही चाचणी पुरुषांच्या चेंडूवर वेगळी आणि ज्युनिअर चेंडूवर वेगळी होते. ज्युनिअर चेंडू लहान असतो, म्हणजे मोठा चेंडू अडवणाऱ्या फटीतून तो निसटू शकतो. मुलींचा चेंडू आकाराने या दोघांच्या मधला. म्हणून हेल्मेटच्या आतल्या लेबलवर दोन्ही चेंडूंचा उल्लेख आहे का ते पाहावं आणि मुलीसाठी घेत असाल तर नक्की पाहावं. दुकानात हे लेबल शोधायला लागलो तेव्हा विकणाऱ्या मुलाला ते कुठे असतं हेच ठाऊक नव्हतं. पॅडिंग उचललं की आत सापडतं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर महागडं हेल्मेट घेतलं की आपण निर्धास्त होतो. कवटी फुटणं, दात पडणं, नाक मोडणं यावर हेल्मेट चांगलं काम करतं. पण डोक्याला झटका बसला की मेंदू कवटीच्या आत हलतोच, आणि तो हादरा, म्हणजे कन्कशन, कुठलंही हेल्मेट पूर्णपणे थांबवू शकत नाही. 2019 मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरचा चेंडू ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या मानेजवळ लागला. तपासणी झाली, तो पुन्हा फलंदाजीला आला, खेळलाही. त्रास दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाला आणि त्याच्या जागी मार्नस लाबुशेन आला, कसोटीतला पहिला कन्कशन बदली खेळाडू. सोबत डॉक्टर असलेल्या संघात हे झालं. आपल्या मैदानावर ‘काही नाही, मुका मार आहे, पाणी पी आणि उभी राहा’ म्हणणारे काका असतात. जानेवारी 2025 मध्ये पुण्याजवळ गहुंज्याला शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू लागला आणि त्याच्या जागी हर्षित राणा आला, तेव्हा फलंदाजाच्या जागी गोलंदाज कसा चालतो यावर दिवसभर वाद झाला. दुबेच्या डोक्याचं काय, हे विचारणारे मला तरी फार कमी भेटले.

म्हणून आमच्या घरात नियम आहे: डोक्याला लागलं आणि मूल गोंधळलं, डोकं दुखायला लागलं, गरगरलं, मळमळलं, प्रकाश सहन होईना, यातलं एक जरी झालं तरी त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही, मग अंतिम सामना का असेना. बेशुद्ध पडलं नाही म्हणजे कन्कशन नाही, असं नसतं. उलट्या होत राहिल्या, डोकेदुखी वाढत गेली, मूल पेंगायला लागलं किंवा बोलणं अडखळलं तर थेट हॉस्पिटल. नाहीतर एक-दोन दिवस आराम, मोबाइल कमी, मग आधी शाळा आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर टप्प्याटप्प्याने खेळ. आणि जोराचा फटका बसलेलं हेल्मेट, ते कुठल्याही प्रकारचं असो, बदलायचं. आतला फोम एकदा दबला की बाहेरून ते कितीही चकचकीत दिसलं तरी उपयोगाचं राहत नाही.

नेक गार्डबद्दल थोडं. नोव्हेंबर 2014 मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिल ह्यूज याला चेंडू लागला तो हेल्मेटच्या खाली, मानेवर. दोन दिवसांनी तो गेला. त्यानंतर मानेमागे लावायचे हे जोड आले. स्मिथला ते नकोसे वाटायचे, पण 2023 पासून ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने वेगवान आणि मध्यमगती गोलंदाजीसमोर ते सक्तीचे केले. आमच्या मुलीची तक्रार वेणीची होती. ॲडजस्टेबलला आम्ही वेगळा घेऊन लावलेला गार्ड तिच्या वेणीत अडकायचा, मग ती तो काढून किटबॅगच्या खिशात ठेवायची आणि तो तिथेच राहायचा. आत्ताच्या फिक्स्ड हेल्मेटला तो त्याच कंपनीचा, मापाचा मिळाला. आता ती वेणी खाली, मानेलगत बांधते आणि गार्ड जागेवर राहतो. हा फरक मॉडेलचाही असू शकेल, प्रकाराचाच असेल असं नाही. दुकानात मुलीला केस बांधून घेऊन जा आणि गार्ड लावूनच हेल्मेट घालून बघा.

एक आक्षेप मी अनेकांकडून ऐकतो: ‘बारा-तेरा वर्षांच्या पोरांचा वेग तो किती, एवढ्याची गरज काय?’ सामन्यातल्या वेगाबद्दल हे बऱ्यापैकी खरं आहे. पण माझ्या पाहण्यात मुलांना जास्त चेंडू लागतात ते नेट्समध्ये. सिमेंटवर मॅट अंथरलेली असते, चेंडू अंगावर चढतो आणि मोठा माणूस साइडआर्मने, म्हणजे चेंडू जोरात फेकायच्या लांब दांड्याने, जवळून टाकत असतो. तिथे वेग मुलांचा नसतो. संध्याकाळचा अंधार पडत आला तरी ‘शेवटचे सहा’ चालूच असतात. नेट्समध्ये जुनं, सैल हेल्मेट आणि सामन्याला चांगलं, ही वाटणी म्हणूनच मला पटत नाही.

तर कुणी काय घ्यावं? मूल चष्मा लावत असेल, फिक्स्डमध्ये खरंच दिसत नसेल आणि घरातलं मोठं माणूस दर सरावाआधी बॉल लावून फट तपासणार असेल, तर ॲडजस्टेबल घ्यायला हरकत नाही. मात्र लेबल त्याच मानकाचं हवं. बाकीच्यांनी, माझ्या मते, थोडे पैसे जास्त घालून फिक्स्डकडे वळावं. पैशाची ओढाताण असेल तर बॅट एक पायरी खालची घ्या. शाळेच्या किटमध्ये तर मी फिक्स्डच मागेन, दोन मापांची, कारण तिथलं हेल्मेट एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर फिरत असतं आणि ग्रील शेवटची कुणी सरकवली हे कुणालाच सांगता येत नाही. माप घेताना हनुवटीचा पट्टा लावून मुलाला मान जोरात हलवायला सांगा. हेल्मेट कपाळावर घसरलं तर ते मोठं आहे. ‘पुढच्या वर्षी बसेल’ म्हणून बूट घेतात, हेल्मेट तसं घेऊ नका.